विंचवावरच्या औषधाचा माग

उस्मानाबाद जिल्ह्यात फिरायला म्हणून कुणी जात नाही, निदान आमच्या चिपळूणकडचं तरी नाही. गेलेच तर तुळजापूरला देवीला जातात आणि दुसऱ्या दिवशी परततात. मी मात्र तिथं बारा दिवस राहिले आणि देवीचं दर्शनसुद्धा न घेता आले. परतल्यावर घरच्यांनी, वसतिगृहातल्या मैत्रिणींनी, सगळ्यांनी एकच विचारलं, "इतके दिवस तिथं पाहिलंस तरी काय?" त्याचं उत्तर तोंडी देता येईना, म्हणून हे लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी औषधशास्त्राचं पुढचं शिक्षण घेत होते. आमच्या सरांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. लाल विंचू चावलेल्या माणसाला तातडीनं जी औषधं टोचतात, त्यांचा खरोखर उपयोग होतो का? ऐकायला सोपा प्रश्न, पण उत्तर कुणापाशी नव्हतं. कुणी अ‍ॅट्रोपीन देई, कुणी स्टेरॉइड, आणि बऱ्याच ठिकाणी गुंगी आणणारी तीन औषधं एकाच सिरिंजमध्ये भरून देत. ज्याला त्याला आपापल्या औषधाचा भरवसा. "सगळ्यांचीच औषधं लागू पडतायत, मग माणसं मरतात ती कुठली?" असं सर विचारत. त्यांनी आम्हा विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या जिल्ह्यांत धाडलं. विंचवाच्या रोग्यांना काय दिलं आणि पुढं त्यांचं काय झालं, एवढंच आरोग्य केंद्रांच्या कागदांवरून उतरवून आणायचं आणि जमेल तेवढ्यांच्या घरी जाऊन खात्री करायची.

निघताना सरांनी माझ्या हातात गोळ्यांची दोन पाकिटं ठेवली. रक्तदाबाची गोळी, प्राझोसिन. विंचवाच्या विषानं रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्या ही गोळी सैल करते, आणि कोकणातून तिच्याबद्दल बऱ्या बातम्या येत होत्या. "ही तू द्यायची नाहीस," सर म्हणाले. "तिथल्या डॉक्टरांना पटलं तर ते देतील. दिली, तर अर्ध्या अर्ध्या तासाला लिहायचं. आणि एका माणसाला बरं वाटलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत."

कळंबच्या पुढे

बार्शीवरून कळंबला उतरले तो बाजाराचा दिवस होता. एसटी स्टँडपासून ज्वारीच्या पोत्यांची रांग, हरभऱ्याचे ढीग, आणि त्यांच्यामधून हमाल "सरका, सरका" करत पळत होते. तिथून दुसरी एसटी धरून मला ज्या गावी जायचं होतं त्याचं नाव मी इथं देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. कारण वाचता वाचता कळेल.

कोकणातल्या माणसाला तिथं आधी जाणवतं ते आभाळ. आमच्याकडे ते झाडांमधून तुकड्यातुकड्यानं दिसतं. इथं या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं आभाळ, खाली काळी भेगाळलेली जमीन, एखाददुसरी बाभूळ आणि रस्त्याच्या कडेला फोडलेल्या खडीचे जुने ढीग.

"बहात्तरची खडी हाय ही," शेजारी बसलेली बाई म्हणाली. "आमीच फोडलेली. रस्ता काय झाला न्हाई, खडी तेवढी ऱ्हायली."

"त्यात विंचू असतात का हो?"

"दुसरं काय असनार त्यात?" असं म्हणून ती माझ्याकडे बघतच राहिली.

आरोग्य केंद्र म्हणजे पत्र्याचं छप्पर, लांब व्हरांडा आणि सहा खाटा. डॉ. बिराजदार पन्नाशीचे होते, मूळचे जळकोटकडचे, सात वर्षं तिथंच होते. त्यांनी माझं पत्र वाचलं, चहा मागवला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "विंचवाचे पेशंट हवेत ना? भरपूर. पण वेळेत माझ्याकडं आलेला पेशंट विंचवानं गेलेला मला तरी आठवत नाही. ती तीन औषधांची सुई दिली की तासाभरात तळमळ थांबते. माणूस निवांत झोपतो, सकाळी घरी जातो."

गावात त्या इंजेक्शनला 'निजायची सुई' म्हणत.

केसपेपर एका लोखंडी कपाटात होते. मी कपाट उघडलं, वरचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला, आणि तो मधोमध फाटून माझ्या पायावर कोसळला. वाळवीनं आतला कागद खाऊन नुसती किनार शिल्लक ठेवली होती. दुसरा गठ्ठा तसाच. तिसऱ्यात उंदरांनी घर केलं होतं. बारा दिवसांचं काम पहिल्या तासात संपलं. मी त्या मातीत तशीच बसून राहिले. रडले नाही, पण फार बाकीही नव्हतं.

तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "अहो मॅडम, उठा आधी. तिथं हात घालू नका. विंचवाचा अभ्यास करायला आलात आन् विंचवाच्याच घरात बसलात."

त्या कांबळे सिस्टर.

सिस्टरांच्या घरी

माझी राहायची सोय सिस्टरांकडेच होती. त्यांचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ, त्यावर उकळतं पाणी पडलं की आमटी तयार. आमच्याकडे नारळाशिवाय आमटी होते यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. मी अधाशासारखी भाकरी बुडवली आणि पहिल्याच घासाला उचकी लागली. मास्तर तांब्या पुढे करत म्हणाले, "सावकाश. ही तिखट आमटी न्हाई, पाहुण्यांची हाय."

जेवण झाल्यावर सिस्टरांनी विचारलं, "त्या कपाटात तुम्हाला नेमकं काय हवं होतं?"

मी सांगितलं. कोण आलं, काय लक्षणं होती, काय दिलं, पुढं काय झालं.

त्या उठल्या आणि फळीवरून चार जाड वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. शाळेच्याच वह्या, खाकी कव्हर घातलेल्या. पानापानावर शाईनं रेघा मारलेल्या. नाव, गाव, किती वाजता चावला, घाम, उलटी. मग एक रकाना: 'हात'. त्यात एकच शब्द, 'गरम' किंवा 'गार'. मग काय दिलं. आणि शेवटचा रकाना: 'तिसरा दिवस'.

"तिसरा दिवस म्हणजे?"

"म्हणजे मी घरी जाऊन आले तो दिवस."

बहात्तर साली त्या नव्या नोकरीला लागल्या होत्या आणि खडीच्या कामावर त्यांची नेमणूक होती. एका बाईला दगडाखालून विंचू चावला. तेव्हाच्या डॉक्टरांनी सुई दिली, बाई शांत झाली, बैलगाडीतून घरी गेली. वहीत 'बरी' असं लिहिलं गेलं. बाई दुसऱ्या दिवशी पहाटे गेली होती, आणि सिस्टरांना ते कळलं आठवड्यानं, मजुरी वाटताना तिच्या नावाला कुणी ओ दिली नाही तेव्हा.

"सुटी दिली म्हणजे माणूस बरा झाला, असं आपण धरूनच चालतो," त्या म्हणाल्या. "मला तेव्हापासून खोटं लिहिल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून लसीकरणाच्या फेरीला निघाले की वाट वाकडी करून तिसऱ्या दिवशी डोकावते."

"आणि हे हात?"

"ते माझ्या मनाचं. विंचवाचं मरण मी चेहऱ्यावर न्हाई, हातात बघितलं. ज्याचे हात गरम, तो कितीबी बोंबलू दे, बरा होतो. ज्याचे हात बर्फावानी गार आन् अंग घामानं निथळतंय, त्याचं काही खरं न्हाई."

"हे कुणाला दाखवलं होतं तुम्ही?"

त्यांनी वहीचे कोपरे सरळ केले. "कुणी विचारलं न्हाई," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यातले दिवस

पुढचे दिवस मी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात बसून वह्या उतरवत होते. सकाळी सहाला दूध संघाची गाडी येई. गावाची दूध सोसायटी नवीन होती, आणि शेवंताबाई नावाची चाळिशीची एक दणकट बाई वस्तीवरचं सगळं दूध दोन कॅनमध्ये डोक्यावर आणि कमरेवर घेऊन येई. दूध मोजून घेणाऱ्या माणसाशी भांडून फॅट तपासून घेतल्याशिवाय ती हलत नसे. जाताना माझ्यासाठी पेलाभर दूध ठेवी. "नारळाच्या मुलखातली बाई, दूध पी जरा," म्हणे, "वारं सुटलं तर उडून जाशील."

गावात माझं नाव 'विंचवाच्या मॅडम' असं पडलं. चौथ्या दिवशी एका गृहस्थांनी मला डालड्याच्या डब्यातून दोन जिवंत विंचू भेट आणून दिले. मी नको म्हटलं तर ते हिरमुसले, म्हणून मी आभार मानून डबा घेतला आणि तो परत कसा द्यावा या विचारात अर्धा दिवस काम केलं नाही.

विंचू उतरवणारे काशिनाथबुवाही भेटायला आले. मी अभ्यास करतेय म्हटल्यावर आपलीही नोंद व्हावी असं त्यांना वाटत होतं. "माझ्याकडं आलेला परत्येक मानूस बरा झाला," ते म्हणाले.

"आणि जे नाही झाले?"

"ते दवाखान्यात गेलते की."

मला हसू आलं, पण संध्याकाळी वहीवर बसले तेव्हा हसू मावळलं. बुवांचं म्हणणं आणि आम्हा डॉक्टरांचं म्हणणं एकाच जातीचं होतं. गरम हातांची माणसं मंत्रानं बरी होत होती, सुईनं होत होती, आणि काही न करताही होत होती. विंचू चावलेल्यांत बहुतेक तीच. त्यांच्या जिवावर प्रत्येक औषध शहाणं ठरत होतं. औषधाची परीक्षा घ्यायची तर गार हातांचीच माणसं वेगळी काढायला हवी होती, आणि सिस्टरांनी ती गेली दहा वर्षं वेगळी काढून ठेवली होती.

शिवाय वहीत आणखी एक गोष्ट दिसली. काही महिने असे होते की ती तीन औषधं जिल्ह्याहून आलीच नव्हती. त्या महिन्यांत 'काय दिलं' या रकान्यात सिस्टरांनी लिहिलं होतं, 'सुई नाही. उशीला टेकवून बसवलं, पांघरूण, घोट घोट पाणी.' मी गार हातांच्या माणसांचे दोन भाग केले. सुई मिळालेले आणि सुई न मिळालेले. मग शेवटचा रकाना बघितला. आकडे मी इथं देत नाही. ते लहान होते, आणि लहान आकड्यांवर मोठी वाक्यं बांधू नयेत असं सरांनी शिकवलं आहे. पण तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. सुई न मिळालेले जास्त वाचले होते.

तेरखेड्याची वाट

कागदावर विश्वास ठेवण्याआधी माणसं बघायची होती. केंद्राच्या जीपला डिझेल नव्हतं, म्हणून सिस्टर आणि मी कधी एसटीनं, कधी पायी फिरलो. तेरखेड्याला फटाके करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. अंगणात कागदाच्या नळ्या उन्हात वाळत घातलेल्या, आणि बाई बोलता बोलता नळ्या वळत होत्या, बोटांकडे एकदाही न बघता.

"मला काहीच दिलं न्हाई ह्यांनी," सिस्टरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "नुसतं बसवून ठिवलं रातभर. म्या म्हनलं, गरीब बघून सुई देत न्हाईत. लई शिव्या दिल्या."

"दिल्या खऱ्या," सिस्टर म्हणाल्या. "सुई संपली होती."

"मग मी वाचले ती कशानं?" बाईंनी मलाच विचारलं. मी तो प्रश्न वहीत तसाच उतरवला. निघताना त्यांनी आमच्या दोघींच्या ओंजळीत गूळ-शेंगदाणे घातले.

दुसरीही घरं होती. तिथं दारातच कळायचं. सिस्टर पुढे जाऊन घरातल्या बाईचा हात धरून बसायच्या आणि मी वहीतल्या नावापुढची तारीख ताडून बघायची. अशा घरांतही आम्हाला कुणी पाण्याशिवाय परत पाठवलं नाही. त्या उन्हाळ्यात पाणी अर्ध्या कोसावरून यायचं, हे मला नंतर समजलं.

सातवा दिवस

डॉक्टरांना सांगायचं कसं, या विचारानं मला जेवण गेलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "माणूस सरळ हाय. सरळच सांगा."

दुपारची ओपीडी संपल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवले; सिस्टर वह्या घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. आधी चिडले. "हे औषध मी मनानं काढलेलं नाही. पुस्तकात आहे. मला शिकवलंय."

"मलाही तेच शिकवलंय, सर."

"आणि चार वह्यांवरून तुम्ही मला सांगणार?"

"पुरावा म्हणून हे थोडं आहे," मी म्हटलं. "पण तळमळ थांबते याचा अर्थ विष थांबतं असा नाही. माणूस गुंगीत असतो, आणि आत हृदय थकत असतं. घरी गेल्यावर..."

त्यांनी चष्मा काढून कागद बाजूला सारले. मग सिस्टरांना म्हणाले, "घरी जाऊन गेलेल्यांची नावं वाचा."

सिस्टरांनी वही उघडली. एकेक नाव सावकाश वाचलं. डॉक्टरांना प्रत्येक जण आठवत होता. हा लिंबाच्या झाडाखाली दुकान टाकायचा तो. ही बाई घाबरून माझा शर्ट सोडत नव्हती. सोपान, त्याचे वडील दिवसभर पायरीवर बसून होते. नावं संपल्यावर ते उठले आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"गेलेला आठवत नाही म्हणालो होतो मी तुम्हाला," एवढंच ते बोलले.

शेवंताबाई

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची गाडी थांबून राहिली, पण शेवंताबाई आली नाही. आठच्या सुमाराला तिच्या दिरानं तिला बैलगाडीत घालून आणलं. गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला होता. लुगडं घामानं चिंब, दोन उलट्या झालेल्या. मी तिचा हात हातात घेतला. एप्रिलच्या त्या उन्हात तो विहिरीतल्या दगडासारखा गार होता.

ती बोलायचा प्रयत्न करत होती. "दूध..." म्हणत होती. "दूध नासंल."

डॉक्टरांनी सवयीनं ट्रे ओढला. सिरिंज उचलली. क्षणभर ती तशीच हातात धरली आणि परत ठेवून दिली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुमची ती गोळी काढा."

सिस्टरांनी तिला उशांना टेकवून बसवलं. गोळी पाण्याच्या घोटाबरोबर दिली. मग आम्ही वाट बघत बसलो. तातडीचं औषध म्हटलं की धावपळ डोळ्यांपुढे येते, पण खरं काम असतं ते बसून राहण्याचं. अर्ध्या अर्ध्या तासानं रक्तदाब, नाडी, श्वास. दुपारी एकदा तिला खोकला सुटला आणि छातीत बुडबुड ऐकू आली तेव्हा डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फुप्फुसातलं पाणी उतरावं म्हणून लघवीचं औषध दिलं, तीन तास झाल्यावर गोळी पुन्हा दिली, आणि खुर्ची खाटेला लावून बसले. त्यांच्या घरून आलेला डबा कुणीच उघडला नाही. मी मनातल्या मनात सरांचं वाक्य म्हणत होते, उड्या मारायच्या नाहीत, आणि त्याच वेळी काशिनाथबुवांच्या देवाचीही मनधरणी करत होते.

चारच्या सुमाराला सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हात बघा."

बोटांची टोकं अजून गार होती. तळहात गरम झाला होता. तासाभरात बोटंही गरम झाली. शेवंताबाईनं डोळे उघडून विचारलं, "दूध घातलं का कुनी?" दिरानं घातलं म्हणून सांगितलं. "फॅट किती लागली?" तिनं विचारलं, आणि डॉक्टर बिराजदार तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले.

मी वहीत सगळं लिहिलं. शेवटी हेही लिहिलं की ही बाई गोळीशिवायही वाचली असती काय, ते मला माहीत नाही. ते खरंच माहीत नव्हतं. पुण्याला परतल्यावर इतर जिल्ह्यांचे कागद आले, ते माझ्या कागदांशेजारी मांडले, तेव्हा सर पहिल्यांदा नुसते "हं" म्हणाले, आणि आमच्या अहवालावर माझ्या नावाच्या आधी कांबळे सिस्टरांचं नाव त्यांनी स्वतः लिहिलं. पण ते नंतरचं.

तिसऱ्या दिवसाची फेरी

शेवंताबाईला घरी सोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी सिस्टर फेरीला निघाल्या तेव्हा डॉक्टर चपला घालून दारात उभे होते. "आज मी येतो," ते म्हणाले.

शेवंताबाई गोठ्यात होती. आम्हाला बघून तिनं डॉक्टरांना दटावलं की मला एवढे दिवस झोपवून ठेवलंत, म्हैस आटली. तिथून परत फिरायचं, तर डॉक्टर पुढच्या वाटेला लागले. सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या, "सोपानचं घर."

दारात लिंबाच्या सावलीत सोपानचे वडील दोर वळत बसले होते. सत्तरीचे असतील. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. डॉक्टर त्यांच्यासमोर उभेच राहिले.

"आबा, सोपानला मी जी सुई दिली होती ना, ती द्यायला नको होती असं आता दिसतंय. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता समजलं, म्हणून तुम्हाला सांगायला आलो."

आबांनी दोर खाली ठेवला. घरात बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सोपानची आई दारापर्यंत आली असावी, पण बाहेर आली नाही, आणि आम्ही तिथं असेपर्यंत ती आलीच नाही.

"आजून देता ती सुई?" आबांनी विचारलं.

"नाही."

"कवापासनं?"

"शेवंताबाईपासून."

"मंग ती वाचली म्हनायची." त्यांनी पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं. "त्या दिवशी तुमीबी उपाशी बसला हुता त्याच्यापाशी. म्या बघितलंय. बसा. ऊन लागंल."

आम्ही बसलो. आबांनी दोर पुन्हा हातात घेतला, दोन पीळ घातले, आणि मान वर न करता म्हणाले, "डाक्टर, तुमची बदली झाल्यावर?"

डॉक्टरांना कळलं नाही.

"तुमी जानार. या पोरीबी जातील. नवा डाक्टर यील. त्याच्या पुस्तकात तीच सुई आसंल. मंग?"

इतके दिवस मी वह्या उतरवल्या, रकाने जुळवले, पण हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि पुण्यातही तो कुणी विचारलेला मला आठवत नाही.

"भिताडावर लिवा," आबा म्हणाले. "मोठ्या अक्षरात. म्हंजी त्यानं न्हाई वाचलं तर मानसं वाचतील, आन् त्याला इचारतील."

निघताना

माझी एसटी दुपारी दोनची होती. सकाळी डॉक्टरांनी स्टोअरमधून लाल रंगाचा डबा काढला. कुटुंबनियोजनाच्या घोषणा लिहून उरलेला. व्हरांड्याची भिंत, जिथं रोगी नंबर लावून बसतात, ती सिस्टरांनी ओल्या फडक्यानं पुसली. डॉक्टर स्टुलावर चढले.

काय लिहायचं यावर आमचा तासभर वाद झाला. मी म्हटलं, "पुरावा अजून थोडा आहे, फार ठाम लिहू नका." डॉक्टर म्हणाले, "मग ठाम कधी लिहू?" शेवटी सिस्टरांनी मजकूर सांगितला आणि तो आम्हा दोघांनाही पटला:

'विंचू चावलेल्याचे हात गार असतील, घाम येत असेल, तर त्याला घरी पाठवू नका. निजायची सुई देण्याआधी सिस्टरला विचारा. तिसऱ्या दिवशी घरी जाऊन पाहा.'

डॉक्टरांचं अक्षर इतर डॉक्टरांसारखंच होतं. मास्तर शाळेच्या मधल्या सुट्टीत बघायला आले आणि भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "चू दीर्घ, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. डॉक्टरांनी मुकाट्यानं तो दीर्घ केला.

रांगेतली माणसं हळूहळू भिंतीपाशी जमली. ज्यांना वाचता येत होतं ते अक्षर लावून मोठ्यानं वाचत होते, बाकीचे त्यांच्या मागून म्हणत होते. शेवंताबाई रिकामे कॅन घेऊन आली होती. तिनं एकाला सगळं दोनदा वाचायला लावलं आणि मग स्वतः न बघता पाठ म्हणून दाखवलं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला. सिस्टर माझी पिशवी घेऊन फाटकापर्यंत आल्या, मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला धरून सरळ उभं केलं, आणि माझ्या दोन्ही हातांवर हात ठेवून म्हणाल्या, "जावा. पोचल्यावर पत्र टाका."

गाडी वळेपर्यंत मला व्हरांड्यातला तो आवाज ऐकू येत होता, पाच-सहा जणांचा, पुढे-मागे होणारा: हात गार असतील, घाम येत असेल, तर घरी पाठवू नका.